म्यान चामड्याचं की प्लॅस्टिकचं?

प्रश्न : मी मिनेसोटात, डुलुथजवळ राहतो. ऑफिसातल्या मित्रांबरोबर यंदा नोव्हेंबरात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. प्रशिक्षण झालं, परवानाही काढला. चार इंच पात्याची १०९५ कार्बन स्टीलची सुरी घेतली, तिच्यासोबत चामड्याचं म्यान आलं. दोन महिने सुरी म्यानातच पडून होती. परवा काढली तर पात्यावर तपकिरी ठिपके, एका बाजूला काळपट पट्टा आणि म्यानाच्या पितळी बटणाभोवती हिरवं, मेणासारखं काहीतरी. मित्र म्हणतात, चामडं फेक आणि कायडेक्स (कडक प्लॅस्टिकचं म्यान) घे. तसं करू का? दुसरं म्हणजे, अशीच एक सुरी डिसेंबरात गावी, संगमेश्वरला, बाबांसाठी न्यायची आहे. ते बागेत वापरतील. त्यांना कोणतं म्यान बरं पडेल?

उत्तर : म्यान फेकू नका. पण यंदाच्या शिकारीला तेच कमरेला लावून जाऊ नका, हेही खरं. कारण समजून घ्यायचं तर तुम्ही पाहिलेल्या तीन डागांपासून सुरुवात करू. तीनही डाग वेगळे आहेत.

हिरवं मेण सगळ्यात निरुपद्रवी. चामडं मऊ ठेवायला त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. पितळेतलं तांबं त्या चरबीतल्या आम्लांशी जुळतं आणि हा हिरवा चिकटा तयार होतो. दात कोरायच्या काडीने खरवडा, कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसा. काही महिन्यांनी पुन्हा येईल, पुन्हा पुसा.

काळपट पट्टाही घाबरण्यासारखा नाही. झाडांच्या सालींतलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलसर अवस्थेत भेटले की काळा रंग होतो. कच्ची केळी चिरल्यावर घरची विळी काळी पडते, ती याच कारणाने. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची जुनी शाई होती, तिचंही रसायन हेच. म्हणजे तुमचं म्यान बहुधा सालीने कमावलेल्या चामड्याचं आहे. ही चांगली गोष्ट आहे, पण त्यातून आणखी एक कळतं : म्यानात ओल होती.

खरं दुखणं तपकिरी ठिपक्यांचं. तो गंज. पात्यावर करडी-काळी झाक आली तर तशीच राहू द्या, ती थोडंफार रक्षणच करते. लाल-तपकिरी, बोटाला भुकटी लागणारा थर मात्र काढलाच पाहिजे. सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलवर दोन थेंब खनिज तेल घ्या आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा. ठिपक्याखाली खड्डा पडला असेल तर तो घासून जाणार नाही. त्यासाठी पातं झिजवत बसू नका. खड्डा अगदी धारेवर असेल तरच दगडावर धार पुन्हा लावा.

दोन महिने म्यानात, ही मुळातली चूक. म्यान सुरी नेण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही, आणि हे चामड्यालाही लागू आहे नि प्लॅस्टिकलाही. चामडं हवेतली ओल शोषतं आणि पात्याला चिकटवून ठेवतं. प्लॅस्टिक काही शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी बाहेरही सोडत नाही. पातं आणि प्लॅस्टिक यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाण्याचा पापुद्रा दिवसेंदिवस टिकतो. ‘कायडेक्समध्ये गंजत नाही’ हे दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणून अर्धंच खरं.

तुमच्याकडे थंडीमुळे यात आणखी भर पडते. दिवसभर शून्याखाली राहिलेली सुरी संध्याकाळी उबदार घरात आणली की थंड स्टीलवर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. सुरी म्यानात असेल तर हे दव दिसत नाही. सकाळी ती पुन्हा थंडीत जाते, रात्री पुन्हा घरात येते. चार दिवसांच्या मुक्कामात चारदा पाणी सुटतं. उपाय सोपा आहे : घरात आल्या आल्या सुरी म्यानातून काढा, तासभर उघडी ठेवा, पातं खोलीइतकं उबदार झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि मग तेलाचा हात फिरवा. आल्याबरोबर पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा दव येतं.

आता चामड्याबद्दल. ‘लेदर’ या एका शब्दाखाली दोन वेगळे माल विकले जातात. झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं ताठ असतं, ओलं करून सुरीच्या आकाराला दाबलं की तो आकार धरून ठेवतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं कातडं याच जातीचं. दुसरं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. पिशव्या, जाकिटं, सोफे बहुतेक याचे. ते मऊ असतं, आकार धरत नाही, आणि त्यात उरलेले क्षार व आम्लं ओल मिळाली की पातं खातात. म्यानाला ते नको. ओळखायचं कसं? कापलेली कडा पाहा. आरपार तपकिरी असेल तर सालीचं. मधला थर निळसर-करडा असेल तर क्रोमचं. कडेला रंग दिला असेल तर करंगळीच्या नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. सालीचं आक्रसून कडक होतं, चांगलं क्रोमचं फारसं बदलत नाही.

चामड्याचं म्यान घेताना लोक बटण आणि नक्षी पाहतात. पाहायची असते ती शिवण. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मधे चामड्याची एक जास्तीची पट्टी शिवलेली असली पाहिजे. तिला वेल्ट म्हणतात. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर टेकते आणि रोजच्या घालण्या-काढण्यात एकेक टाका कापत जाते. पट्टीची जाडी निदान पात्याच्या पाठीइतकी हवी, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर. टाके दोन सुयांनी हाताने घातलेले असतील तर एक तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या टाक्याचं तसं नसतं. मूठ साधारण एक तृतीयांश आत जावी. म्यान उलटं धरून हलवा, बटण न लावता. सुरी घसरली तर म्यान सैल आहे. बटणाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, कारण सुरी बाहेर काढताना ती पट्टीच पहिल्यांदा कापली जाते.

सुरी काढताना डाव्या हाताने म्यान मुठीत आवळायची सवय अनेकांना असते. ही सवय मोडा. शिवण उसवली असेल तर पातं आरपार येतं आणि चार बोटं नेमकी धारेच्या बाजूला असतात. म्यान दोन्ही सपाट बाजूंनी धरा, उजव्या हाताचा अंगठा म्यानाच्या तोंडावर टेकवून ढकला आणि पात्याची पाठ म्यानाला घासत सुरी बाहेर घ्या.

कायडेक्सकडे वळू. हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं मिश्रण, १९६५ साली रोम अँड हास या अमेरिकन कंपनीने आणलं. पत्रा तापवून सुरीभोवती दाबला की तंतोतंत तिचा साचा तयार होतो. म्यानासाठी २ किंवा २.४ मिलिमीटर जाडी ठीक. दीड मिलिमीटरचं छोट्या सुरीला चालतं, पण थंडीत आपटलं तर तडकायची शक्यता जास्त. फायदे तुम्हाला माहीत आहेत : पाणी पीत नाही, रक्त पीत नाही, साबणाने धुता येतं, ‘टक्’ करून बसतं. तोटे कमी सांगितले जातात. आत वाळूचा कण गेला की प्रत्येक वेळी पात्यावर रेघ उमटते. साचा नीट नसेल तर धार प्लॅस्टिकवर घासून बोथट होते. आणि उन्हात बंद गाडीच्या काचेमागे राहिलं तर सैल पडू शकतं, मग ‘टक्’ गेलं.

धार घासते का हे पाहायला मार्करपेन पुरे. धारेला दोन्ही बाजूंनी काळी शाई लावा, वाळू द्या, सुरी दहा वेळा घाला-काढा. धारेवरची शाई पुसली गेली तर म्यान परत करा. मुठीजवळ, जिथे धार सुरू होण्याआधीचा जाड भाग असतो, तिथेच म्यानाने सुरी पकडायला हवी. तळाशी ४-५ मिलिमीटरचं भोक असावं. नसेल तर ड्रिलने पाडा, पण सुरी बाहेर काढून. पट्ट्याच्या क्लिपचे स्क्रू हंगामाआधी एकदा काढून त्यांना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. कायडेक्सची म्यानं हरवतात ती बहुधा तुटून नव्हे, स्क्रू सैल होऊन.

विणलेल्या नायलॉनच्या म्यानाबद्दल थोडक्यात : शिकारीसाठी घेऊ नका. रक्त आणि चरबी विणीत शिरते, धुतली तरी वास राहतो. आत प्लॅस्टिकचं अस्तर नसेल तर टोक कधीतरी बाहेर येतंच.

आणखी एक प्रकार मात्र कायडेक्सपेक्षा स्वस्त, आणि आमच्या मते नवख्यासाठी जास्त बरा : साच्यात ओतलेलं साधं प्लॅस्टिक. स्वीडनच्या मोरा गावच्या सुऱ्यांना येतं तसं. तळाला भोक असतं आणि त्यांच्या काही सुऱ्या भडक नारिंगी मूठ-म्यानातही मिळतात. नोव्हेंबरच्या पानगळीत गुडघ्यावर बसून काम करताना बाजूला ठेवलेली तपकिरी सुरी तपकिरी पानांत दिसत नाही. तुमच्या राज्यात शिकाऱ्याने अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी घालणं सक्तीचं आहे, तर सुरीलाही तो रंग असू द्या.

आवाजाचा मुद्दा मित्रांनी काढला नसेल तर काढतील. कायडेक्सच्या ‘टक्’ने हरीण उधळतं, असं सांगतात. सुरी बाहेर येते ती हरीण पडल्यावर, तेव्हा त्या आवाजाला अर्थ नाही. खडखडतं ते कडक म्यान, मचाणाच्या लोखंडी शिडीवर चढताना आपटून. मचाणावर सुरक्षेचा हार्नेस घालायचाच असतो. त्याच्या मांड्यांवरच्या पट्ट्या, वर जाड कोट, त्यामुळे कमरेची सुरी हाताशी येतच नाही आणि बसताना बरगडीत टोचते. म्हणून सुरी पाठपिशवीत ठेवा, आणि पिशवीत असेल तर कडक म्यानच हवं. ओलं, मऊ झालेलं चामडं पिशवीत दाबलं गेलं की टोक त्यातून बाहेर यायला वेळ लागत नाही. मचाणावरून पडलेल्या माणसाच्या कमरेला उघडं टोक असणं काय असेल, ते सांगायला नको.

म्हणून निकाल असा. हरणाचं पोट साफ करताना हात मनगटापर्यंत रक्त-चरबीत असतात, थंडीत बोटं बधिर झालेली असतात, सुरी मधेच खाली ठेवावी किंवा म्यानात सरकवावी लागते. या कामाला प्लॅस्टिक. चामड्यात एकदा रक्त मुरलं की ते धुता येत नाही. मीठ आणि ओल दोन्ही आत राहतात आणि पुढची प्रत्येक ओली रात्र पात्याला भोवते. तुमची सुरी स्टेनलेस असती तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. १०९५ मध्ये गंज रोखायला क्रोमियम जवळपास नाहीच. चामड्याचं म्यान कोरड्या दिवसांसाठी, कॅम्पसाठी, लाकडं तासायला ठेवा.

काम झालं की पुढचं त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पातं आधी गार किंवा कोमट पाण्याने धुवा. गरम पाण्याने सुरुवात केली तर रक्त शिजून चिकटतं. मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. मूठ आणि पातं मिळतात त्या सांध्यात जुना टूथब्रश फिरवा, चरबी तिथेच अडते. प्लॅस्टिकचं म्यान साबणपाण्याने भरा, बाटली धुण्याचा बारीक ब्रश आत फिरवा, खळबळा, तोंड खाली करून रात्रभर टांगा. ब्लीच पात्याला लावू नका, त्याने खड्डे पडतात. सुरी आणि म्यान वेगवेगळे वाळू द्या. खाद्योपयोगी खनिज तेलाचे दोन थेंब पात्याला पुरतात. पातं ओघळेल इतकं तेल लावलं तर ते म्यानात उतरतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल टाळा, ते हवेने घट्ट होऊन चिकट पापुद्रा बनतं.

चामड्याचं म्यान दुरुस्त करायचं असेल तर : कोरड्या कापडाने आतबाहेर पुसा, तोंड उघडं ठेवून दोन दिवस सावलीत वाळवा. हीटरवर नको, शेकोटीजवळ तर नकोच. ओलं चामडं तापलं की आक्रसतं आणि ते पूर्ववत होत नाही. वाळल्यावर बाहेरून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्या, मोठ्या वाटाण्याएवढा गोळा पुरे. आतून काही लावू नका. म्यान तेलात बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तेलाने ते चपलेच्या जुन्या अंगठ्यासारखं लुळं पडतं आणि सुरी धरत नाही. सैल झालेलं म्यान पुन्हा आवळता येतं. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत धरा, सुरीला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म दोन वेढे गुंडाळून आत घाला, बोटांनी मुठीभोवती दाबून आकार द्या, तासाभराने सुरी काढा आणि म्यान एक-दोन दिवस वाळू द्या.

आता संगमेश्वर. बाबांसाठी चामड्याचं म्यान नको. निदान जून ते सप्टेंबर तरी नकोच. त्या हवेत चपला आणि पाकिटांवर बुरशी चढते, तशीच म्यानावर चढेल, आणि आत कार्बन स्टील असेल तर दसऱ्याला शस्त्रपूजेला गंजलेलं पातं निघेल. कोकणातल्या माणसाने कोयतीसाठी म्यान न करता कमरेच्या मागे उघडी आकडी लावली, ती उगाच नव्हे. पातं वाऱ्यावर राहतं, पावसात भिजलं तरी वाळतं. पण चार इंची टोकदार सुरी आकडीत लटकवता येत नाही, तिला म्यान लागणारच.

त्यांच्यासाठी शक्यतो सुरीच स्टेनलेस घ्या आणि भोक असलेलं साधं प्लॅस्टिकचं म्यान. ते मोडलं तर गावात कायडेक्स शोधत बसू नका, पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या. दिसायला साजरं होत नाही, काम मात्र देतं. पात्याची रुंदी २८ मिलिमीटरपर्यंत असेल तर ३२ मिलिमीटरचा पाइप बरोबर बसतो. पातं अधिक ४ सेंटिमीटर एवढी लांबी कापा. सुरीच्या पात्याला मास्किंग टेपचे दोन थर द्या, धारेवर चार, म्हणजे नंतर तिथे मोकळी जागा राहते. पाइपाचा वरचा ३ सेंटिमीटर भाग पाण्याबाहेर ठेवून बाकीचा उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं धरा. मऊ झाला की जाड हातमोजे घालून बाहेर काढा, सुरी आत सरकवा, दोन फळ्यांमधे पात्याचा भाग दाबा. वेळ अर्ध्या मिनिटाचा असतो. नाही जमलं तर पुन्हा उकळा, काही बिघडत नाही. दाबून धरूनच गार पाणी ओता. वरचा भाग गोल राहिलेला असतो, तो मुठीला धरतो. मूठ सैल वाटली तर तेवढाच भाग पुन्हा गरम करून थोडा चेपा. खालचं तोंड ५ मिलिमीटर उघडं ठेवा. पाइप चुलीवर किंवा लायटरवर तापवू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर येतो, घसा आणि डोळे धरतो.

बाबांना चामड्याचंच हवं असेल, आणि वडीलधारी माणसं तसं म्हणतात, तर कोल्हापूरकडच्या चपला करणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. सांगायचं इतकंच : सालीने कमावलेलं, ३ ते साडेतीन मिलिमीटरचं, मधे पट्टी, शिवण कडेपासून ५ मिलिमीटर आत, टाक्यांत ४ मिलिमीटर अंतर, मेण लावलेला दोरा, शेवटी तीन टाके उलटे. खिळे नकोत. आरी-रापी रोज हातात असलेल्या माणसाला यापुढे काही शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात ते म्यान कपाटात, सुरी तेल लावून कागदात गुंडाळून वेगळी. बुरशी आलीच तर अंगणात नेऊन ब्रशने झाडा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग सावलीत. पात्याला तेल म्हणून औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणा. खोबरेल तेल घरात असतं, अडीनडीला चालेल, पण कालांतराने खवट होतं.

एक गोष्ट पत्रात नव्हती, पण सांगायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात शिकारीला बंदी आहे, तेव्हा बाबांच्या हातातली सुरी हे शेतीचं अवजारच. चार इंची पात्याची आहे, तरी ती बागेत आणि घरात राहू द्या, बाजाराला जाताना कमरेला नको.

विमानात सुरी फक्त चेक-इन सामानात जाते. म्यानात घालून वर जाड पुठ्ठा गुंडाळा, चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. आणि गावी पोचलात की बॅग उपसायच्या आधी सुरी म्यानातून काढून पुसा. गार राहिलेल्या सामानातून ती कोकणच्या दमट हवेत आलेली असेल, आणि दव तिथेही धरतं.